कडूबाईची पक्कड

कडूबाईनं पहिल्यांदा टाइलला पक्कड लावली, तेव्हा टाइल मधोमध फुटली आणि एक कपची उडून तिच्या गालात रुतली. रक्त हनुवटीपर्यंत आलं. पंडित मिस्त्री शेजारीच बसला होता. त्यानं कपची उपटून काढली, जखमेवर चिमूटभर तंबाखू दाबली आणि म्हणाला, "बाई, तू तिला मारायलीस. कापायली न्हाईस."

कडूबाई तेव्हा चौतीस वर्षांची होती. तिचा नवरा व्यंकटराव वर्षभरापूर्वी गंगाखेडच्या रस्त्यावर टिप्परखाली गेला होता. माती झाली त्या दिवशीही तिच्या पाठीवर त्याच्या पट्ट्याचे वळ ताजे होते. भेटायला आलेल्या बायका तिला गच्च मिठी मारून रडायच्या आणि कडूबाई कळवळून किंचाळायची. लोक म्हणाले, किती जीव होता बाईचा नवऱ्यावर! तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सोळा वर्षं तिनं सांगितलं नव्हतं, तर आता कशाला सांगेल? पदरात बारा वर्षांची सृष्टी होती. तिला घेऊन कडूबाई राणीसावरगाव सोडून परभणीला आली आणि पंडित मिस्त्रीच्या हाताखाली कामाला लागली.

पंडित मिस्त्री फरशी बसवणारा, पण त्याचं खरं नाव होतं ते टाइलच्या चित्रांसाठी. देवळाच्या भिंती, बंगल्यांचे दर्शनी भाग, बागेतली बाकडी. फुटक्या टाइलांचे तुकडे जोडून तो मोर करी, वेली करी. सरळ तुकडे कुणीही मशीनवर कापतं. बाक, म्हणजे वळण, कापायचा तो हातानं. मशीनची चकती सरळच धावते, तिला वळण कळत नाही. त्यासाठी जबड्याला दोन छोटी पोलादी चाकं असलेली पक्कड लागते.

"जास्त घास घेऊ नको," मिस्त्री सांगायचा. "काठावर जेमतेम डाळीएवढा जबडा टेकव. दाब. टवका उडू दे. मग पुढं सरक."

बाहेरचा बाक तिला महिनाभरात जमला. चारी कोपरे उडवायचे आणि हळूहळू गोलाई आणायची. आतला बाक, चंद्रकोरीच्या पोटासारखा, त्याला दोन वर्षं गेली. तिथं टाइल पोटातून पातळ होत जाते, आणि शेवटच्या दोन टवक्यांत हात लोभला की काडकन तुटते. कडूबाईच्या दोन्ही तळहातांवर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी झाली. एकदा कपची डोळ्यात जाता जाता भुवईत अडकली. पण तिसऱ्या वर्षी पंडित मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "आतला बाक बाईच कापणार. माझा हात आता थरथरतो."

सृष्टी अठराची झाली तशी कडूबाईनं तिचं लग्न लावून दिलं. जावई हरिओम पालमकडचा, खडी क्रशरवर गाड्या लावणारा. दिसायला उमदा, बोलायला गोड. चौथ्या महिन्यात सृष्टी ओठ फाटलेल्या चेहऱ्यानं आईच्या दारात उभी राहिली.

"माय, मी न्हाई जाणार."

कडूबाईनं तिला जेवू घातलं, ओठाला हळद लावली आणि चार दिवसांनी स्वतः नेऊन सोडलं. "सोसावं लागतं बाई," ती म्हणाली. "मी न्हाई का सोसलं?"

दुसऱ्या वेळी सृष्टीच्या दोन बरगड्यांना मार होता. तेव्हाही कडूबाईनं तिला नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी सृष्टीनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तळहात तव्यावर दाबून धरला होता. कातडी कागदासारखी सुटून आली होती. कडूबाईनं तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग उठून दाराला आतून कडी घातली.

"आता कुटं जायचं न्हाई," ती म्हणाली.

सृष्टी तिच्याकडे बघून हसली. ते हसू कडूबाईला व्यंकटरावाच्या पट्ट्यापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी राणीसावरगावाच्या पलीकडे दोन कोसांवरच्या एका खेड्यात महादेवाचा नवा सभामंडप झाला. तिथले विश्वस्त सिद्धलिंगअप्पा, गंगाखेडचे जुने भुसार व्यापारी, गळ्यात लिंग, बोलायला मोजके. त्यांना मंडपाच्या लांब भिंतीवर गंगा हवी होती. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. वीस फूट लांब, लाटा, मासे, कासवं. पंडित मिस्त्रीची नजर तोवर गेली होती. काम कडूबाईकडे आलं. लाट म्हणजे नुसते बाक. निळ्याच्या पाच छटा आणि हजारो चंद्रकोरी. सृष्टीचा हात बरा झाल्यावर ती आईबरोबर जाऊ लागली. ती पक्कड धरत नसे. तुकडे छटांप्रमाणे घमेल्यांत लावायची, भिंतीवर डिंकासारखं केमिकल थापायची, लाटेची रेघ आखायची. रेघ आखण्यात तिचा हात आईपेक्षा चांगला होता. दोघी बोलत मात्र कमीच.

एका मंगळवारी दुपारी मंडपासमोर जीप थांबली. हरिओम उतरला, मागून त्याचा भाऊ गोपाळ. कडूबाई पायरीवर बसून एका चंद्रकोरीचं पोट कुरतडत होती. ती उठली.

"या पावणं. पाणी घ्या. बसून बोलू."

हरिओम सरळ पुढं आला. त्यानं पहिल्या घमेल्याला लाथ घातली. तीन दिवस कापलेल्या चंद्रकोरी फरशीवर उधळल्या आणि फुटल्या. दुसरं घमेलं त्यानं उचलून भिंतीवर फेकलं. सृष्टी परांचीखालून पळायला गेली, तेव्हा त्यानं तिची वेणी धरली, मुठीभोवती दोन वेढे दिले आणि ओढली. ती उताणी पडली. डोकं पायरीच्या दगडावर आपटलं. त्यानं तिला तुकड्यांवरून फरफटत जीपकडे न्यायला सुरुवात केली. तिच्या कोपरांखाली, टाचांखाली निळे तुकडे लाल होत गेले.

कडूबाई धावली. गोपाळनं तिच्या तोंडावर कोपर मारला. ती पडली, पुन्हा उठली. तोंडात दाताचा तुकडा आला, तो तिनं थुंकला.

"पावणं, सोडा तिला. पाया पडते तुमच्या."

हरिओम थांबला. त्याला खरोखरच नवल वाटल्यासारखं तो म्हणाला, "मामी, तुमीच तर आणून सोडत होता की दरवेळी. आता काय झालं?"

कडूबाई दोन पावलं पुढे आली. "सोड," ती म्हणाली.

जावयाला तिनं कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

त्यानं वेणीला आणखी एक हिसका दिला. कडूबाईनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, टाइल धरतात तसं, खालून, घट्ट. उजव्या हातात पक्कड होतीच. तिनं ती अंगठ्याच्या बुडाशी टेकवली. आजवर तिनं हजारदा स्वतःला बजावलं होतं, जास्त घास घ्यायचा नाही. या वेळी तिनं जबडा पुरता मिटू दिला. एक आवाज आला, ओल्या टाइलसारखा. मूठ सुटली नाही. तिनं पक्कड थोडी पुढे सरकवली आणि दुसऱ्यांदा दाबली. मग मूठ सुटली.

हरिओम क्षणभर ओरडलाच नाही. आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग रक्ताची चिळकांडी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली आणि तो गुडघ्यांवर कोसळून जनावरासारखा ओरडू लागला. गोपाळनं परांचीचा बांबू उपसला आणि कडूबाईच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं तिला कळलं. दुसरा घाव पाठीवर बसला, तिसरा हवेतच राहिला, कारण शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरची, गोठ्यावरची माणसं तोवर धावत आली होती आणि त्यांनी गोपाळला धरून तुडवायला सुरुवात केली होती.

"मारू नका त्याला," कडूबाई म्हणाली. तिनं चांगल्या हातानं तुकड्यांतून अंगठा शोधला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि गोपाळच्या हातात दिला. "दवाखान्यात न्या ह्याला. बरफ घाला. लवकर जा."

नांदेडला डॉक्टरांनी प्रयत्न केला. अंगठा लागला नाही.

कडूबाईचा खांदा सरकारी दवाखान्यात बांधला. जमादार जबानी घ्यायला आला, त्याआधी सिद्धलिंगअप्पा खाटेजवळ वाकून हळूच म्हणाले, "बाई, झटापटीत हात घसरला म्हणून सांगा. लोक साक्ष देतील."

जमादारानं विचारलं, तेव्हा कडूबाई म्हणाली, "घसरला न्हाई साहेब. दोनदा दाबली."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

एकोणीस दिवस ती तुरुंगात होती. खांदा ठणकत असायचा, पण तिला जागं ठेवायची ती वेगळीच गोष्ट. हात कसा सहज गेला! कुठं थरथरला नाही, कुठं अडला नाही. सोळा वर्षं व्यंकटरावाचा पट्टा उतरायचा, तेव्हा हाच हात नुसता डोक्यावर धरलेला असायचा. तो हात कुठून आला आणि हा कुठून, तिला कळत नव्हतं. पश्चात्ताप शोधला तर सापडत नव्हता. बरं वाटतंय म्हणावं, तर तसंही नव्हतं. भीती वाटत होती, आणि ती हरिओमची नव्हती.

या एकोणीस दिवसांत गोपाळ पाच-सहा जण घेऊन पुन्हा मंडपात गेला. पहारीनं त्यांनी गंगेची भिंत फोडली. लाटा उकरल्या, माशांची डोकी ठेचली, विटा उघड्या पडेस्तोवर घाव घातले. सृष्टी तिथंच होती. ती किंचाळली नाही, मधे पडली नाही. खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि मोबाईल समोर धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं टिपत राहिली. एकानं दगड मारला, तिचा कान फाटला. मोबाईल खाली आला नाही. संध्याकाळी ती अप्पांबरोबर ठाण्यात गेली, फिर्याद लिहून दिली, आणि जळलेला तळहात टेबलावर उघडा ठेवून म्हणाली, "हे बी लिहून घ्या. आदी हेच लिहायला पायजे होतं."

अप्पांनी जामीन राहून कडूबाईला सोडवलं. गावातली काही माणसं म्हणत होती, देवाच्या दारात रक्त सांडणारी बाई पुन्हा नको. अप्पा म्हणाले, "रक्त तिच्या लेकीचं बी सांडलंय. ते कुणाला दिसलं न्हाई का?" मग तो विषय मिटला.

खांदा जुळायला तीन महिने लागले. पक्कड पोलिसांच्या ताब्यात. पंडित मिस्त्रीनं आपली जुनी दिली. कडूबाई उकरलेल्या भिंतीसमोर बसली आणि पहिली टाइल हातात घेतली. जबडा काठावर टेकवला, पण दाबवेना. दाबला तर टाइल मधोमध फुटली. दुसरी फुटली. त्या दिवशी अकरा टाइला फुटल्या. आवाज झाला की तिच्या डोळ्यांपुढे पांढरा सदरा यायचा. हा खेळ महिनाभर चालला. आतला बाक पुन्हा जमेपर्यंत तिनं फक्त कोपरे उडवायचं, सोपं काम केलं.

मोबाईलमधलं सगळं वकिलांनी पाहिलं, तेव्हा हरिओमचे लोक नरमले. सोडचिठ्ठी दोघांच्या संमतीनं व्हायचं ठरलं. भिंतीची फिर्याद आणि अंगठ्याचा खटला आपापल्या वाटेनं चालू राहणार होता. दोन्ही अजून चालूच आहेत.

परभणीच्या कोर्टात सह्यांच्या दिवशी हरिओमला कडूबाईनं पहिल्यांदाच पुन्हा पाहिलं. तो वाळला होता. उजवा हात खिशात होता. डाव्या हातानं पेन धरून, जीभ दातांत चावत, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर तो काढत होता. सगळे उभे राहून वाट बघत होते. कुणी हसलं नाही. कडूबाई बघू शकली नाही. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

सृष्टी थोड्या वेळानं आली, शेजारी टेकली. कानाची जखम सुकली होती, पण पाळी वाकडीच जुळली होती.

"सुटले," ती म्हणाली.

कडूबाईनं मान हलवली. मग न राहवून म्हणाली, "तुझ्यासाठी मी—"

"माय, तसं म्हणू नको." सृष्टीचा आवाज चढला नाही. "लोक म्हणतात, आईनं लेकीसाठी केलं. मी आयकून घेते. पण माझ्यासाठी करायचं असतं तर पयल्याच वेळी दार लावून घेतलं असतंस. तू तो अंगठा माझ्या बापाचा तोडलास."

समोरून वकील, पक्षकार, चहावाला जात-येत होते. तिला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, नाहीतर हे असंच राहील.

"व्हय," ती म्हणाली. "त्याचाच तोडला. आणि तुला दोनदा नेऊन सोडलं, ती माझी चूक. त्याला माफी न्हाई, मला ठावं हाय."

सृष्टी उठून गेली नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "खांद्याचा ठणका गेला का?"

"दुखतो थंडीत."

"जास्त वेळ बसू नको मग कापायला."

भिंत पुढच्या उन्हाळ्यात पुरी झाली. सृष्टी आता परभणीत वेगळी खोली घेऊन राहते. एका टाइलच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना चित्रांचे नमुने आखून देते, आणि तिच्या रेघांवर बाक कापायचं काम कडूबाईकडे येतं. कागद ती स्वतः आणून देते. आठवड्यातून एकदा, रविवारी. कधी जेवून जाते, कधी दारातूनच परत फिरते.