टपालमामू आणि न सापडणारी पानं

टपालमामूंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पत्ते राहत. क्लासच्या दारात कुणीही आलं की ते आधी विचारायचे, "कुठले?" नुसतं गाव सांगून भागायचं नाही. गल्ली कुठली, शेजार कुणाचा, समोर काय आहे, सगळं निघेपर्यंत सुटका नसे. मी तिथं तीन वर्षं काढली, पण मामूंच्या तोंडून माझं नाव चार-पाच वेळाही ऐकलं नसेल. मी म्हणजे "मुदखेड, टेशनमागं". आमच्या क्लासचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांना मामू तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागं "औसा रोड, वरला माळा". एकदा सरांनी ते ऐकलं. मामू शांतपणे म्हणाले, "एका नावाचे लई सापडतात सर. एका पत्त्याचा एकच."

तेव्हा लातुरात दर दोन इमारतींमागं एक क्लास होता आणि उरलेल्या इमारतीत त्या क्लासच्या पोरांची मेस. आमचा क्लास त्यातला लहानसाच. लातूरला राहून शिकणं ज्यांना जमत नाही अशा मुलांना सर टपालानं सरावसंच पाठवत. देगलूर, उदगीर, मुखेड, कुठल्या कुठल्या वाड्या-तांड्यांवर ती पाकिटं जायची. ते खातं मामूंकडे. निलंगा तालुक्यातल्या खेड्यांत जन्मभर टपाल वाटून ते निवृत्त झाले आणि घरी बसून करमेना म्हणून सरांकडे आले. मी नांदेडला कॉम्प्युटर शिकून नुकतीच आलेली. माझ्याकडे क्लासची वेबसाइट. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल त्यांचं, एक माझं, आणि मधे पाकिटांचा ढीग.

बाजारातल्या गोंदावर मामूंचा काडीचा विश्वास नव्हता. घरून मैद्याची खळ शिजवून स्टीलच्या डब्यात आणायचे. दुपारपर्यंत तिला आंबूस वास सुटायचा आणि माझं डोकं चढायचं. तक्रार केली की म्हणत, "ह्या खळीचं पाकीट पोराच्या हातातच उघडतं बेटा, रस्त्यात न्हाई." ईदेला मामी शिरखुर्मा पाठवायच्या तो अगदी तसल्याच डब्यात. पुढच्या आठवड्यात मी मोठ्या आशेनं डबा उघडला, चमचा घातला आणि तोंडापर्यंत नेला. मामू खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले होते. पुढं कितीतरी दिवस जेवायच्या सुट्टीत ते मला गंभीरपणे विचारायचे, "थोडी खळ वाढू का?"

भूकंपाची गोष्ट मामू स्वतःहून काढत नसत. आमच्याकडे त्या पहाटेबद्दल कुणी कुणाला फार विचारत नाही, ज्याची त्याला पुरेशी असते. एकदाच, पाकिटांवर तिकिटं लावता लावता त्यांनी सांगितलं. गावं पडली. वाचलेल्यांना दूर माळावर नवी वसाहत मिळाली, सरळ रेषेतली घरं आणि दारावर आकडे. पण मुंबईला, हैदराबादला कामाला गेलेली मुलं पत्रं घालायची ती जुन्याच पत्त्यावर: मारुतीच्या पाराजवळ, पाटलाच्या विहिरीसमोर. पार राहिला नव्हता, विहीर बुजली होती. मग आलेली सगळी पत्रं एका पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर ओतायची पद्धत पडली. ज्याचं असेल तो शोधून घेईल. मामूंना ते बघवेना. त्यांनी एक वही घातली. डावीकडे जुनं घर, उजवीकडे नवा आकडा. दारोदार फिरून ती भरली. "आठ दिस पत्र न्हाई आलं की माणूस वाट बगतो," ते म्हणाले. "महिना न्हाई आलं की वाट बगायचं सोडतो. मंग तिकडं लिहिणारा बी लिहायचं सोडतो." काही घरांच्या समोर उजवीकडे लिहायला काही नव्हतं. हे सांगून मामू उगाच खळीचा डबा पुसत बसले.

मला ती गोष्ट ऐकून वाईट वाटलं, पण तिचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं काही वाटलं नाही. तेवढी अक्कल असती तर पुढचं रामायण झालंच नसतं.

झालं असं, की मी वेबसाइट नवी केली. जुनी दिसायला गबाळी होती. सरांचा फोटो एवढा मोठा की खालचं काही दिसायचं नाही. पानांचे पत्ते लांबलचक, त्यात आकडे, आडव्या रेघा, काही विचारू नका. मी सगळं स्वच्छ केलं. विषयाप्रमाणे पानं लावली, प्रत्येकाला छोटा, सुटसुटीत पत्ता दिला आणि जुने पत्ते सरळ टाकून दिले. सर खूश झाले. मी मुदखेडला बाबांना फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "आता तरी स्थळं बघायला हरकत नाही ना?" मी म्हटलं, नोकरी पक्की होऊ द्या. तसा आमचा करारच होता.

महिन्याभरात चौकशीचे फोन कमी झाले. मग जवळजवळ बंदच पडले. आधी इंटरनेटवर बारावीचे सरावसंच शोधले की आमचं नाव पहिल्याच पानावर यायचं. आता तिसऱ्या पानावरही डोळे ताणून शोधावं लागे. आणि तिसऱ्या पानापर्यंत जातंय कोण? कारण मला उशिरानं कळलं. गावोगावच्या शिक्षकांनी आपापल्या ब्लॉगवर आमच्या संचांच्या लिंका दिल्या होत्या. शाळेच्या फळ्यांवर, छापील पत्रकांवर तेच पत्ते होते. एवढी माणसं बोट दाखवतात म्हणून तर इंटरनेटवर आम्हाला वरची जागा होती. आता त्यातली कुठलीही लिंक दाबा, "हे पान सापडत नाही" एवढंच यायचं. माझ्या स्वतःच्या नव्या पानांमध्येसुद्धा तसल्या आंधळ्या लिंका डझनभर निघाल्या. पोरं एकदा येत, दुसऱ्यांदा येत आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या क्लासकडे जात.

सरांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. ते रागावले नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. म्हणाले, "दोन्ही खाती मला चालवता येणार नाहीत. प्रवेश सुरू होईपर्यंत बघतो. वेबसाइट परत उभी राहिली तर सगळे संच तिच्यावर टाकू आणि टपाल बंद करू. नाही राहिली तर वेबसाइट बंद, टपाल चालू." दोघांपैकी एकाचं टेबल उचललं जाणार, इतकं ते साधं होतं. जिना उतरताना मी मामूंच्या तोंडाकडे बघितलंच नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फक्त माझंच टेबल दिसत होतं.

त्याच दुपारी मी एक सोपी युक्ती केली. कुठलीही जुनी लिंक दाबली तरी वेबसाइटचं पहिलं पान उघडेल अशी सोय करून टाकली. आता "सापडत नाही" कुणालाच दिसणार नव्हतं. मोठ्या तोऱ्यात मी मामूंना म्हटलं, "बघा, सुटला प्रश्न."

मामू हात धुऊन माझ्या खुर्चीवर येऊन बसले. कुठल्याशा शिक्षकाच्या पानावरची रसायनशास्त्राच्या सहाव्या संचाची लिंक त्यांनी एका बोटानं दाबली. आमचं पहिलं पान आलं. सरांचा फोटो, फुलं, स्वागत.

"मी सहावा संच मागितला," मामू म्हणाले. "ह्ये काय आलं?"

"इथून शोधायचा ना मामू. आत सगळं आहे."

"हाव. आत सगळं हाय. पत्र्याच्या शेडात बी सगळी पत्रं व्हती."

मला राग आला होता, आणि तो बरोबर बोलणाऱ्या माणसाचाच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर मामू आधीच हजर, समोर लांब कोरी वही. पानाच्या मधोमध त्यांनी पट्टीनं रेघ मारली होती. "सांग," म्हणाले. "जुना पत्ता वाच, मंग त्यो संच आता कुठं राहायला गेला त्ये सांग." जुन्या साइटची प्रत माझ्याकडे होती. मी वाचायची, ते लिहायचे. चारशेच्या वर पानं निघाली. दोन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी त्यांची पाकिटं तुंबलेली असत, मग मीही खळीत बोटं घालून बसायची. एकेक पत्ता वहीतून कॉम्प्युटरवर चढवला की मामू तो स्वतः दाबून बघत. बरोबर पान उघडलं तर वहीत बरोबरची खूण. नाही उघडलं तर माझ्याकडे नुसते चष्म्यावरून बघत.

काही संच मी कायमचे काढून टाकले होते. त्यांच्या जागी काहीतरी बरं दिसेलसं जोडून द्यावं असा माझा विचार होता. मामूंनी ऐकलं नाही. "न्हाई तर न्हाई म्हणून लिही. ह्यो संच आता मिळत न्हाई, ह्याच्या जवळचा अमुक हाय, त्यो घे. पोरगं समजून घेतं. फसवलं की पुन्यांदा येत न्हाई." तसं लिहिलं. आजही वाचलं तर ती वाक्यं मामूंच्या आवाजात ऐकू येतात.

मग त्यांच्या डोक्यात दुसरंच खूळ शिरलं. ज्या शिक्षकांच्या ब्लॉगवर आमचे जुने पत्ते होते, त्यांना नवे पत्ते कळवायचे. मी म्हटलं, ईमेल करते. मामूंनी प्रत्येकाच्या शाळेच्या नावानं घालायला गठ्ठाभर पोस्टकार्डं आणली. 'आपल्या संगणकावरील पानात आमच्या संचाचा पत्ता जुना आहे, कृपया खालीलप्रमाणे बदलावा', असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली इंटरनेटचा पत्ता, एकेक टिंब आणि रेघ काढून. मी पोट धरून हसले. माझ्या ईमेलांना तीन उत्तरं आली. पोस्टकार्डं मिळालेल्या बहुतेकांनी पत्ते बदलले. मुखेडच्या एका गुरुजींनी उलट पोस्टकार्ड पाठवलं, 'दुरुस्ती केली आहे, पत्र बघून आनंद झाला, घरचे सर्व कुशल.'

एक दिवस मी विचारलंच. "मामू, हे उभं राहिलं तर तुमचं खातं बंद होईल. तुम्ही का करताय?"

मामूंनी वहीतून मान वर केली नाही. "देगलूरला पोरगं संच उघडाया बसलंय. त्याला पान सापडत न्हाई म्हणून दिसतंय. आन मी हितं टेबल सांबाळू?" मग म्हणाले, "पुडचं वाच."

मला त्या वेळी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी पुढचं वाचलं.

वेबसाइट एकदम उठली नाही. पहिले पंधरा दिवस काहीच हललं नाही आणि मी घरी जायची बॅग मनातल्या मनात भरली. मग तिसऱ्या पानावरून आम्ही दुसऱ्यावर आलो. प्रवेश सुरू व्हायच्या आठवड्यात पहिल्या पानावर, वरून दुसरे. आमच्यावर पुण्याचा एक भलामोठा क्लास तेवढा राहिला होता. फोन वाजायला लागला. पहिला फोन मामूंनीच उचलला आणि त्या मुलीला सवयीनं गल्लीपर्यंत पत्ता विचारला. फोन ठेवून म्हणाले, "उदगीर, चौबारा. लई हुशार वाटली." त्यांचा चेहरा असा फुलला होता की यात हरलं कोण, हे मी क्षणभर विसरूनच गेले.

आता मी नांदेडला स्वतःचं काम करते. दुकानदारांच्या, शाळांच्या वेबसाइट बनवते. माझ्या हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी एक लांब वही मिळते आणि मधोमध रेघ मारायला पट्टी. त्या माझ्यामागं हसतात, हे मला माहीत आहे. जुनं पान उचलायचं तर आधी त्याचा नवा पत्ता लिहायचा, मग हात लावायचा, हा आमच्याकडचा नियम. मामू दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटची वर्षं निलंग्याला मुलीकडे मजेत होते, दोन शेळ्या होत्या, आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा पत्ता पाठ होता.

पण मला ते आठवतात ते क्लासमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवशीचे. सरांनी नारळ दिला, शाल दिली, चार शब्द बोलले. मामूंनी टेबल पुसलं, डबा पिशवीत घातला आणि अकरा पाकिटं माझ्यापुढं ठेवली.

"ही अकरा पोरं तुज्या कॉम्प्युटरवर येत न्हाईत," ते म्हणाले. "दोघांच्या गावाला रेंज न्हाई. बाकीच्यांच्या घरात फोनच न्हाई. मी सरांना बोललो, वरीसभर ह्यांना टपालानंच जाऊ द्या म्हणलं. सर हाव म्हणले. पण टाकणार कोण?"

मी पाकिटं उचलली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. मामूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "येतो बेटा" म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. वळून बघितलं नाही.

सोमवारी मी टपाल कचेरीत रांगेत उभी राहिले. बोटांना खळ चिकटलेली होती, अजून नीट जमत नव्हती. खिडकीतल्या माणसानं पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामू न्हाई आले?"

"नाही," मी म्हटलं. "आता मी येत जाईन."