घरातली नाकेबंदी

माझे सासरे गोव्याची गोष्ट फार रंगवून सांगत. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा भारतानं सीमेवरून तिकडे जाणारा माल बंद केला होता. कांदे, बटाटे, चहा, कापड, सगळंच. इकडे कमावणाऱ्यांना तिकडे घरी पैसे पाठवायचीही बंदी. सासरे तेव्हा तरुण होते आणि पुण्यात या नाकेबंदीच्या बाजूनं सभा गाजवत होते. "फिरंग्यांचं नाक दाबलं आम्ही," हे वाक्य वारज्यातल्या आमच्या सोसायटीनं प्रत्येक झेंडावंदनाला ऐकलं आहे. लोक टाळ्या वाजवत आणि वड्यांच्या ताटाकडे बघत.

सासूबाई टाळ्या वाजवत नसत. त्या गोव्याच्या. वडील बुधवार पेठेत एका दुकानात नोकरीला, आई आणि मुलं तिकडे. नाकेबंदीत वडिलांचे पैसे अडले आणि सीमा ओलांडायच्या परवान्यावाचून वडीलही अडले. धाकटा भाऊ तापानं फणफणला. औषधाला घरात दमडी नव्हती. पोर गेलं.

"पोर्तुगीज साहेबांच्या ताटात हॉलंडचे बटाटे येत होते, बोटीनं," त्या मला एकदा म्हणाल्या. "नाक दाबलं ते आमचं."

लग्नानंतर त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "लढ्यात एखाद-दुसरं पोर जायचंच." बाईनं ते जन्मभर मनात धरून ठेवलं.

गेल्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. देवालाही कुठे काय न्यावं ते कळत नाही. मधुमेहामुळे बटाटा बंद झाला, आणि यांचा सगळा जीव बटाट्याच्या भाजीत. पुढे डॉक्टर आम्हा दोघींना म्हणाले, थोडा द्यायला हरकत नाही. सासूबाईंनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर नाही म्हणाले."

रोज दुधी शिजू लागला. हे डॉक्टरांचं काम नव्हे, हे शेवटी सासऱ्यांच्याही लक्षात आलं.

"काय हवंय तुला?"

"चुकलं म्हणा. माझ्या भावाच्या बाबतीत."

"देशाचा निर्णय होता तो."

"मग दुधी खा."

असे कित्येक आठवडे गेले. मला दोघांचाही संताप यायचा. नव्वदीला टेकलेला माणूस ताटावर बसून मुसमुसतो आणि बायको समोर बसून शांतपणे पेपर वाचते, हे किती दिवस बघायचं? एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी पटकन बटाटे उकडले, फोडणीला टाकले आणि सासऱ्यांना भरवले. ते डोळे मिटून खात होते, तोंडातला घास गिळायच्या आत पुढच्यासाठी आ करत होते. मला फार बरं वाटलं.

मागे वळले तर दारात सासूबाई.

त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याजवळ गेल्या, त्याची हनुवटी पदरानं पुसली आणि विचारलं, "आता म्हणता?"

सासऱ्यांनी मान हलवली. नाही. चेहरा अगदी समाधानी होता.

"काल त्यांनी पहिल्यांदा माझ्या भावाचं नाव विचारलं होतं," सासूबाई मला म्हणाल्या. "आज म्हणाले असते. आता नाही म्हणणार."

तसंच झालं. सासरे दसऱ्यानंतर गेले, पोटभर जेवून.