गेजवरचे स्टिकर

आमच्या वर्कशॉपच्या क्वालिटी सर्टिफिकेटसाठी तपासणी होती, तिच्या आदल्या दिवशी मी सगळ्या गेजवरचे स्टिकर खरवडून काढले. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हौस.

अंबडच्या एमआयडीसीत मी तपासणीच्या टेबलावर होते. बुश, म्हणजे गाडीत बसणारी छोटी धातूची नळी; तिचं भोक मापात आहे का, एवढंच बघायचं. गेज म्हणजे पोलादी दांडी. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. या कामात मी पटाईत होते, आणि ते सगळ्यांना कळेल अशी व्यवस्थाही ठेवायचे. ऑडिटर येणार म्हटल्यावर मला राहवेना. घरी पाहुणे यायचेत आणि नव्या डब्यांवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच? गरम पाणी, खोबरेल तेल आणि काथ्या घेऊन बसले.

शेजारच्या स्टुलावरची म्हणाली, "अहो, मालकांना विचारा तरी."

"स्वच्छतेला काय विचारायचं?" मी म्हटलं. केवढा तो रुबाब! नातीला हे सांगते तेव्हा ती लोळून हसते. तेव्हाची मी आज समोर आले, तर आधी तिच्या हातातला काथ्या काढून घेईन.

दुसऱ्या दिवशी ऑडिटरनी गेज उचलला, उलटसुलट करून पाहिला. "कॅलिब्रेशनचे स्टिकर कुठायत?"

गेज प्रयोगशाळेतून कधी तपासून आणला, पुन्हा कधी न्यायचा, हे म्हणे त्या चिकट कागदावर होतं. मालक माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांचा चेहरा उतरला. सर्टिफिकेट नाही मिळालं तर गाड्या बनवणारी कंपनी आमचा माल घेणं थांबवणार होती; मग आम्ही सगळ्या बायका घरी.

"कुणी काढले?"

मी स्टुलावरून उठेपर्यंत मालकच बोलले, "सर, चूक आमची. ते कशासाठी असतात, हे आम्ही टेबलावर कुणाला सांगितलंच नव्हतं."

"काढले मी," मी म्हटलं. "भांड्यांवरचे काढतो तसे."

ऑडिटर हसले नाहीत. गेजवर बारीक नंबर कोरलेले होते, ते त्यांनी प्रयोगशाळेच्या कागदांशी एकेक करून ताडून पाहिले. नशीब, कोरलेलं काथ्यानं निघत नाही. शेवटी त्यांनी किरकोळ त्रुटी लिहिली. तपासणीच्या सगळ्या बायकांना गेजबद्दल शिकवा, शिकवल्याचा पुरावा पाठवा, मग सर्टिफिकेट.

संध्याकाळी मालक टेबलाशी आले. मी पिशवी भरून तयारच होते. विचारलं, "उद्यापासून येऊ की नको?"

"यायचं, आणि शिकवायला तुम्हीच उभं राहायचं, मावशी. स्टिकर का काढायचे नसतात, हे आख्ख्या वर्कशॉपमध्ये तुमच्याइतकं कुणाला कळलेलं नाही."