मामांचा स्वच्छ सिनेमा

जगात निर्दोष असं काही नसतं, हे वाक्य आमच्या हिच्या मुलुंडच्या मामांसमोर बोलायची सोय नाही. "नसतं म्हणजे? तुम्ही नीट बघितलं नसेल!" असं म्हणून ते तुम्हाला उभ्या उभ्या झापतील. मरोळच्या एका कारखान्यात तयार माल तपासून 'रिजेक्ट'चा शिक्का मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, नजर मात्र घरी आली. आमच्या लग्नात स्टेजवर येऊन मामा माझ्या कानाशी लागले. मला वाटलं, आशीर्वाद! तर म्हणाले, "जावईबापू, तुमची डावी मिशी उजवीपेक्षा जाड झालीय." अख्ख्या अल्बममध्ये माझा हात मिशीवर आहे.

असा माणूस म्हातारपणी स्वस्थ बसेल कसा? मामांनी एक जुना मराठी सिनेमा धुवायला काढला. कृष्णधवल, आणि लग्नाआधी मामींबरोबर चोरून पाहिलेला. त्याची धड प्रत आता कुठेच मिळत नाही. मामांकडे होती ती कधीकाळी टीव्हीवरून उतरवलेली कॅसेट, आणि तिच्यातली माणसं गोधडीतून बघितल्यासारखी दिसत. ती कॉम्प्युटरवर चढवून मामा एकेक चित्र पुसत बसले. नियम ठरलेला: ओरखडा रिळाचा असेल तर काढायचा, चूक माणसाची असेल तर ठेवायची. पण एका प्रसंगात खलनायकाच्या नाकावर माशी बसते. आता माशी कोणाची? त्या निकालासाठी मला रविवारी बोरिवलीहून मुलुंडला बोलावणं आलं.

"मामा, माशी खरीच आहे," मी म्हटलं.

"खरी आहे हो! पण दिग्दर्शकाने बोलावली होती का?"

गणपती गेले, दिवाळी गेली, माशी लटकलेलीच. शेवटी "नट दचकला नाही, म्हणजे त्याला चालली" असा निकाल देऊन मामांनी ती पास केली.

मामींना काचबिंदू आहे. नजर हळूहळू जाणार आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दिसतंय तोवर तो सिनेमा तिला लख्ख दाखवायचा, एवढाच मामांचा ध्यास. आणि मामा एकेका ठिपक्याशी कुस्ती खेळणार! मामी मालवणच्या, एकदा भडकल्याच. "अहो, माजे डोळे तुमच्या पिक्चरसाठी थांबतले काय?"

मामा चरकले. त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ जाहीर केला आणि उरलेली साफसफाई कॉम्प्युटरवर सोपवली. बारीकसारीक डागही सोडू नकोस, अशी कडक ताकीद देऊन. सगळा जन्म तपासण्यात घालवलेल्या माणसाने घाईत तेवढी एक गोष्ट तपासली नाही.

खेळ सुरू झाला. चित्र काय झकास! मामा ताठ बसलेले. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अगं बाई! नवरा समोर जेवतोय आणि हिचं कपाळ पांढरं?" कॉम्प्युटरने डाग समजून नायिकेचं कुंकू पुसलं होतं. तिचं, सासूचं, जावेचं, हळदीकुंकवाला आलेल्या झाडून साऱ्या बायकांचं! हॉलमध्ये हसून हसून लोकांची वाट लागली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? माशी मात्र नाकावर तशीच.

बरं, जुन्या प्रतीवरून पुन्हा करावं, तर कॅसेट प्लेअरने केव्हाच चावलेली आणि कॉम्प्युटरवरची डागाळलेली प्रत मामांनी बाणेदारपणे पुसून टाकलेली. रिजेक्ट माल ते घरात ठेवत नसत. मग मामा हाताने एकेक कुंकू लावायला बसले. एका सेकंदाची दोन डझन चित्रं, आणि नायिका मेली एका जागी उभी राहील तर शपथ! कुंकू केवढं, कपाळावर किती वर, हे मामी आठवून सांगायच्या. आधी स्क्रीनजवळ वाकून, मग खुर्चीत बसून, पुढे पुढे नुसत्या बोलून.

एका दुपारी मामांचा फोन आला. "या. आज दाखवतोय."

"झालं पूर्ण?"

"अर्धं झालंय. राहू दे उरलेलं."

आम्ही दोघं गेलो. मध्यंतरापर्यंत नायिका कुंकवाने नुसती झळकत होती. पुढे कपाळ कोरंच. मामींनी खुर्ची टीव्हीला चिकटवली होती. मामा अपराध्यासारखे शेजारी बसलेले. नायिकेचं कोरं कपाळ पडदाभर आलं, तेव्हा मामींनी चाचपडत मामांचा हात धरला.

"कुंकू कसा शोभता बघा तिका!"

त्यांना दिसत नव्हतं, की नवऱ्याचं मन राखलं, देव जाणे. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. ते मामींकडे बघत म्हणाले, "हो गं. छान दिसतंय."