बर्नडीनचा टोमॅटोचा रस

बर्नडीन वेर्झबाला गावात सगळे बर्नी म्हणत. विस्कॉन्सिनच्या त्या बटाट्याच्या पट्ट्यात शाळेची पिवळी बस चालवण्यात तिची उमर गेली. लग्न तिने केलं नाही. आई गेल्यावर वडिलांना तिनेच सांभाळलं. शेवटी शेवटी तर त्यांना उठवणं, बसवणं, घास भरवणं, सगळं तिच्याच हातांनी होत असे. धाकटा भाऊ क्लेमेंट, म्हणजे क्लेम, बायको शेरिलबरोबर दूर मिलवॉकी शहरात राही. तो नाताळला फोन करी आणि "बाबांना सांग, मी आठवण काढली," एवढं म्हणून ठेवून देई.

वडील एप्रिलमध्ये गेले. दफनविधीनंतर लोक घरी येऊन हॅमचे सँडविच खात होते, तेव्हा क्लेम मागच्या दाराने बाबांची बंदूक, नावेचं इंजिन आणि अकॉर्डियन ट्रकमध्ये चढवत होता. अकॉर्डियन त्याला वाजवता येत नव्हतं. "बाबांच्या वस्तू मुलाकडे जातात," तो म्हणाला. बर्नी कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी होती. तिने त्याला अडवलं नाही, कारण घर दोघांच्या नावावर होतं आणि भांडण झालं असतं तर क्लेमने ते विकायला काढलं असतं. पण तिने ते मनात ठेवलं. मनात ठेवलेलं विसरणाऱ्यांतली ती नव्हती.

त्या दिवशी क्लेमला एकच गोष्ट आठवली नव्हती. बाबांचा बीगल जातीचा शिकारी कुत्रा, बॉस्को. काळा-पांढरा, तपकिरी कानांचा, सशाचा माग काढण्यात तरबेज. बाबा गेल्यापासून तो बर्नीच्या पलंगाशी झोपे आणि ती बस घेऊन परतेपर्यंत फाटकाशी बसून राही. घरात बर्नीची वाट पाहणारं आता तेवढंच कोणी उरलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी क्लेमचा फोन आला.

"बर्नी, बॉस्कोला न्यायला येतोय. पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर सशांच्या शिकारीला जायचंय."

"तो इथे रुळलाय, क्लेम."

"अगं, शिकारी कुत्रा तो! तू त्याला सोफ्यावर बसवून टीव्ही दाखवतेस. बाबांचा कुत्रा आहे, मुलाकडेच यायला हवा. का घराबद्दलही बोलायचंय तुला?"

बर्नीने फोन ठेवला आणि बराच वेळ बॉस्कोचे कान कुरवाळत बसली.

क्लेम शुक्रवारी संध्याकाळी आला, नवाकोरा ट्रक घेऊन. आतल्या सीटा फिकट रंगाच्या, कापडी. त्याच्याबरोबर रिकामी खोकीही होती. तळघराच्या फळीवर टोमॅटोच्या रसाच्या बरण्या ओळीने लावलेल्या होत्या. बाबांनी फेब्रुवारीत खिडकीपाशी डब्यांत रोपं लावली होती, ती बर्नीने वाढवली आणि ऑगस्टभर उकाड्यात रस काढून भरला.

"वा! शेरिलला फार आवडतो हा रस," क्लेम बरण्या हाताळत म्हणाला. "निम्म्या तरी माझ्या. सकाळी भरतो."

"भर," बर्नी म्हणाली.

झोपायला जाताना तिने त्याला एक गोष्ट मात्र सांगितली. "सकाळी बॉस्कोला मागच्या दाराने सोडशील तर आधी बाहेरचा दिवा दोनदा उघड-मीट कर आणि पाय आपट. झाडाखाली सफरचंदं पडलीत, स्कंक येतो रोज. दिवा-आवाजाने निघून जातो, नाहीतर घाण वासाचा फवारा मारतो."

"मी इथेच वाढलोय, बर्नी. मला शिकवू नकोस."

शहरात राहून माणूस काय विसरतो याचा नेम नसतो. क्लेमने पहाटे दिवा न लावता दार उघडलं. मांजराएवढा तो काळा प्राणी, पाठीवरचा पांढरा पट्टा मिरवत, निवांत सफरचंद खात होता. बॉस्को भुंकत धावला. स्कंकने पाठ फिरवली, शेपटी उभारली आणि घाण वासाचा फवारा थेट बॉस्कोच्या तोंडावर सोडला. बॉस्को केकाटत उलटा फिरला तो थेट क्लेमच्या पायांतून घरात, आणि गालिच्यावर तोंड घासू लागला.

बर्नी जिना उतरून आली तेव्हा जळक्या रबरासारखा, सडक्या लसणासारखा तो वास घराच्या लाकडात शिरला होता. क्लेमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"टोमॅटोचा रस!" तो ओरडला. "आई तेच वापरायची. सगळ्या बरण्या आण!"

बर्नी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. टोमॅटोच्या रसाने काही होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या बसमध्ये एका घरची तीन भावंडं येत. एकदा ती तिघं स्कंकच्या तडाख्यात सापडली आणि घरच्यांनी त्यांना टोमॅटोच्या रसात बुडवून काढलं. वास गेला, असं सगळं घर शपथेवर सांगत होतं. गेलं होतं ते त्यांचं नाक. तासभर त्या वासात राहिलं की नाक हार मानतं, त्याला फक्त टोमॅटोच कळतो. चार दिवसांनी पाऊस आला, मुलं भिजून बसमध्ये चढली आणि खिडक्या उघडूनही कोणाला श्वास घेववेना. मग जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी बर्नीला खरा उपाय सांगितला होता: हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि भांडी घासायचा साबण, ताजं कालवून कोरड्या अंगावरच चोळायचं. तिन्ही गोष्टी या क्षणी ओट्याखालच्या कपाटात होत्या.

तिने बॉस्कोकडे पाहिलं. मग क्लेमकडे. मग खोक्यांकडे, जी त्याने रात्रीच दाराशी आणून ठेवली होती.

"आणते," ती म्हणाली. "आईची पद्धत म्हणजे पद्धत."

एकेक बरणी तिनेच उघडून दिली. बाबांच्या टोमॅटोचा रस कुत्र्याच्या पाठीवरून न्हाणीच्या भोकात जात होता. पण शेरिलच्या टेबलावर जाण्यापेक्षा तो तिथे गेलेला तिला चालत होता. एक गोष्ट तिने क्लेमच्या नकळत केली. बॉस्कोचे डोळे साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. त्याच्याशी तिचं काही वैर नव्हतं.

दुपारी शेजारची व्हर्ना अंडी द्यायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "अगं बाई! बर्नी, हा—"

बर्नीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"ये व्हर्ना, तूच सांग," क्लेम शेकोटीपाशी कुत्रा पुसत म्हणाला. "येतोय का काही वास? मी घासून घासून काढलाय."

दफनाच्या दिवशी सँडविचची ताटं व्हर्नानेच फिरवली होती. मागच्या दाराने काय काय गेलं, ते तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं.

"मला सर्दी झालीय, क्लेम," ती म्हणाली आणि अंडी ठेवून झपाट्याने निघून गेली.

हवा कोरडी होती, कडक थंडीची. क्लेमने बॉस्कोला पुढच्या सीटवर, स्वतःशेजारी बसवलं, काचा वर केल्या आणि हीटर सोडला. बॉस्को मागच्या काचेतून बर्नीकडे बघत राहिला. ती फाटकाशी उभी राहिली, कुत्रा तिची वाट बघत बसे तिथेच. ट्रक दिसेनासा झाल्यावर आत आली, खिडक्या उघडल्या, गालिचा बाहेर टाकला आणि कपाटातलं सामान काढून घर धुवायला बसली.

रविवारी क्लेमचा फोन. "शेरिल म्हणते घरात वास येतोय. मला तर काही येत नाही. तुला आला होता का?"

"मला? छे."

"तिला सवयच आहे राईचा पर्वत करायची."

मागून शेरिलचा आवाज आला, "राई? क्लेम, आधी तो कुत्रा माझ्या सोफ्यावरून उतरव!"

बर्नीने फोन ठेवून स्वतःसाठी दोन अंडी तळली. कित्येक महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं.

बुधवारी पाऊस सुरू झाला. शनिवारी क्लेम मित्रांना ट्रकमध्ये घेऊन शिकारीला गेला. ओल्या गवतात बॉस्को दिवसभर धावला आणि भिजून ट्रकमध्ये चढला. मित्रांनी पेट्रोलपंपावर ट्रक थांबवायला लावला, उतरले आणि फोन करून दुसऱ्या कोणाची तरी गाडी बोलावली.

रविवारी क्लेमचा ट्रक फाटकाशी थांबला. बॉस्को आत नव्हता. मागच्या उघड्या भागात, भुरभुरत्या पावसात, दोरीने बांधलेला होता. शेरिलने त्याला आठवडाभर गराजमध्ये बांधून ठेवायला लावलं होतं, क्लेम म्हणाला. गळपट्ट्याखालचे केस झडून लाल चामडी दिसत होती. ती पाहून बर्नीचं मन क्षणभर स्वतःवरच फिरलं. मग तो सगळा राग, व्याजासकट, तिने पुन्हा क्लेमच्या नावावर टाकला.

"घे तुझा कुत्रा," क्लेम म्हणाला. "कायमचा घे."

"व्हर्नासमोर म्हण."

व्हर्ना कुंपणापाशीच होती. क्लेमने व्हर्नासमोर म्हटलं.

बर्नीने बॉस्कोला आत नेऊन शेकोटीपाशी पूर्ण कोरडा केला. मग बादलीत पेरॉक्साइड ओतलं, सोडा टाकला, साबणाची धार सोडली. फेस आला. लाल झालेली जागा आणि डोळे टाळून तिने तो मुळापर्यंत चोळला, थोडा वेळ ठेवला आणि कोमट पाण्याने धुतला. क्लेम दारात उभा राहून बघत होता. बॉस्को न्हाणीतून बाहेर आला तेव्हा त्याला नुसता ओल्या कुत्र्याचा वास येत होता.

"तुला माहीत होतं," क्लेम सावकाश म्हणाला.

"तू टोमॅटोचा रस मागितलास. मी दिला. एकही बरणी मागे ठेवली नाही."

"सख्ख्या भावाला—"

"तू शिकवू नकोस म्हणालास, मी शिकवलं नाही."

क्लेमने बाहेरच्या ट्रककडे पाहिलं. "बरं, ते औषध ट्रकला चालेल का? सीटांना?"

"लाव की. रंग उडून पांढरे डाग पडतील, आणि आत स्पंजात मुरलेलं तसंच राहील." हे अगदी खरं होतं. त्याला द्यायला तिच्याकडे दुसरं काही असतं, तरी तिने दिलं नसतं.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला, टर्की पक्ष्याच्या मेजवानीच्या सणाला, क्लेम आणि शेरिल आले. बर्नीने त्यांना बोलावलं होतं. रीत ती मोडत नसे. बाहेर झिमझिम होती. क्लेमने ट्रक अंगणात वळवला तशी शेरिल चारी काचा उघड्या ठेवून, कोटाची कॉलर नाकावर धरून बसलेली दिसली. बॉस्को ओसरीवरूनच मागे सरला.

बर्नी हात पुसत पायरीवर आली.

"क्लेम, ट्रक बाहेर रस्त्यावर लाव," ती गोड आवाजात म्हणाली. "आज हवा दमट आहे."