तळाची चांदणी

लीना ट्राउटफेटरने उभी हयात जर्मनीतल्या आपोल्डा गावातले पाळणे रंगवण्यात घालवली होती. ट्यूलिपची फुलं, बदाम, खाली बाळाचं नाव. मग महायुद्धाची लढाई झाली, नवरा परत आला नाही, आणि लोकांना फुलंही नकोशी झाली. झाइडलच्या कारखान्यात मुलांच्या खोलीचं नवं सामान बनू लागलं, त्यावर फूल औषधालासुद्धा नाही. लाल म्हणजे नुसता लाल, निळा म्हणजे नुसता निळा. तिथे फुलं रंगवणारीला कोण विचारणार? पण या सामानाचे आराखडे काढणारी, बॉबकट केलेली तरुण कुमारी, फ्रॉयलाइन हाल्बिग, म्हणाली, "सपाट रंगालाच पक्का हात लागतो, फ्राऊ ट्राउटफेटर. फुलाखाली चूक लपते. इथे कुठे लपणार?" त्या शब्दावर लीनाच्या घरची चूल पुन्हा पेटली. हे उपकार ती कधी विसरली नाही.

एकच गोष्ट तिला सोडवेना. पाळण्याच्या तळाला पाच टोकांची चांदणी काढायची, ब्रश न उचलता, एका रेघेत. रेघेत फट राहिली की हडळ आत शिरते आणि झोपलेल्या बाळाच्या छातीवर बसते. लढाईतल्या त्या शलगमाच्या हिवाळ्यात, लोक नुसते शलगम खाऊन जगले तेव्हा, लीनाचा धाकटा एमिल मागून आणलेल्या, चांदणी नसलेल्या पाळण्यात गेला. भुकेने गेला, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी त्यानंतर तिच्या हातून एकही तळ कोरा गेला नाही. इथे कारखान्यातल्या खोक्यांच्या तळालाही ती गुपचूप काढायची. तळ बघतो कोण?

पण ठरलेला तळ असतो तो पाळण्याला! फ्रॉयलाइनची खोकी मुलांनी हवी तशी फिरवायची होती: उपडं केलं की टेबल, आडवं केलं की दुकान. वसंतातल्या प्रदर्शनात गिऱ्हाइकांची पोरं आत सोडली, आणि बघता बघता सगळी खोकी उलथीपालथी झाली. निळ्या तळांवर पांढऱ्या चांदण्या लख्ख दिसू लागल्या.

मालक झाइडल लालबुंद झाला. "नव्या जमान्याच्या सामानावर जंतरमंतर? फ्राऊ ट्राउटफेटर, उद्यापासून येऊ नका!"

फ्रॉयलाइन मात्र खाली वाकून रेघेवरून बोट फिरवत होती. "का काढलीत?"

"माझा एमिल कोऱ्या पाळण्यात गेला, फ्रॉयलाइन."

फ्रॉयलाइन उठली. "झाइडलसाहेब, ह्या गेल्या तर माझे आराखडेही जातील. आणि फ्राऊ ट्राउटफेटर, चांदण्या दिसता कामा नयेत. त्यात तडजोड नाही. पण काढतात कशी ते मला शिकवा."

गिऱ्हाइकं गेल्यावर लीनाने खडूने जमिनीवर काढून दाखवली. फ्रॉयलाइनने गिरवायला घेतली आणि मध्येच हात उचलला.

"झालं! आली हडळ आत!" लीना म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवशी लीनाने सगळे तळ निळ्याने झाकले. खरवडा असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे चांदण्या रंगाखाली सुखरूप राहिल्या.

पुढे फ्रॉयलाइन बर्लिनला गेली. काही वर्षांनी लीनाच्या मुलीला, क्लाराला, मुलगी झाली. बर्लिनहून एक खोकं आलं. निळं, सपाट, नितळ.

"आई, किती सुंदर आहे!" क्लारा म्हणाली. "पण तुझी चांदणी नाही ना."

"तिचं सामान कोरंच असतं," लीना म्हणाली. तरी हात राहीना, तिने खोकं उलटं केलं.

तळाला पांढरी चांदणी होती. एक पाय लांब, एक आखूड, टोकांशी रंगाचे थेंब साकळलेले. आराखडे काढणाऱ्या हाताला शोभणार नाही इतकी वेडीवाकडी. लीनाचे डोळे भरून आले. "देव तुझं भलं करो, पोरी," ती म्हणाली.

मग तिने चष्मा चढवला आणि नखाने ती रेघ एका टोकापासून पुन्हा त्याच टोकापर्यंत चाचपली. कुठेही फट नव्हती.