तिसऱ्या पायरीचं पाणी

भागाबाईचा नवरा रेल्वेत ट्रॅकमन होता. तो रिटायर झाल्यावर दोघांनी भिलाईचं क्वार्टर सोडलं आणि अहिवाऱ्याच्या अलीकडे एका गावात, तळ्याकाठी घर बांधलं. बाई गोंदियाकडची. गावात तिची ना शेती, ना भाऊबंद. त्या वर्षी तळं चैत्रातच आटायला लागलं, आणि पिंपळाखालच्या बैठकीत राखणीसाठी तिचंच नाव निघालं. पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली गेलं की शेतांचे पंप बंद, उरलेलं गुरांचं आणि आंघोळीचं, असं ठरलं.

"मले कावून?" तिनं विचारलं.

बैठकीतला म्हातारा दयाराम केवट हसून म्हणाला, ज्याचं शेत नाही त्यालाच पाणी सगळ्यांचं दिसतं.

दुपारी ती घाटावर बसायची. पाणी इतकं निवांत, की आभाळच खाली येऊन निजलंय असं वाटे. तिचाही डोळा लागे. मग झोपेत तळं तिच्या छातीसोबत श्वास घ्यायचं, हळूहळू, वर-खाली. जाग आली की पहिली नजर पायरीवर.

वैशाखात तिसरी पायरी उघडी पडली. त्याच दुपारी कलावती पंपाचा पाइप खांद्यावर घेऊन आली. ही तिची गावातली पहिली मैत्रीण. तापात पेज करून देणारी.

"मोर भाटा मर जाही, दीदी." पलीकडे तिची वांगी माना टाकून उभी होती.

भागाबाई पाइपवर जाऊन बसली. "मले समजते, बाई. पण आज तुले सोडलं तं उद्या कोणाले अडवू?"

कलावती पाइप तिथंच टाकून गेली. पुढे आठ दिवस ती घाटावर यायची, पण तोंड फिरवून आंघोळ करायची.

भागाबाईची दुपारची डुलकी गेली. शेवटी तिनं दयारामला पुन्हा बैठक बोलवायला लावली. पंप नको, पण डोक्यावर घागरीनं नेलं तर? माणूस नेऊन नेऊन किती नेईल? म्हाताऱ्यांनी आपसात घरांचा आणि घागरींचा हिशेब केला. मग एकेकानं मान डोलावली. घरटी दहा घागरी, तेही सकाळीच.

दुसऱ्या दिवशी कलावती आली, तेव्हा भागाबाई कमरेएवढ्या पाण्यात घागर भरत होती.

"हे तुह्या वांग्याले."

कलावतीनं घागर डोक्यावर घेतली. दुसरी भागाबाईनं. दोघी बांधावरून पुढंमागं चालल्या. पाणी मानेवरून ओघळत होतं, आणि भागाबाईला वाटत होतं, आपण तळंच थोडं थोडं उचलून नेतोय, अन् तेही खुशीनं येतंय.

गुरं आषाढ लागेपर्यंत तळ्यावरच पाणी प्याली. वांगी निम्मी वाचली. पहिली चार घेऊन कलावती भागाबाईच्या ओट्यावर आली आणि दुपार उतरेपर्यंत बोलत बसली.